जी.आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची 'व्हॅम्प' जीप : जुनी की नवी?

निनाद_नाशिक: क्लासिफाइड मालिकेतली नवी व्हॅम्प घ्यावी का? १९८२ ची काकांकडून मिळाली आहे, मागची बंदूक गायब.

खेळणीवेडा: जुनी ठेवच! तिचा चेहरा १९७७ च्या लॅम्बोर्गिनी चीता या लष्करी नमुन्यावरून घेतलाय, म्हणून ती साध्या जीपसारखी दिसत नाही. मागची जुळी बंदूक मात्र शोध, तिच्याशिवाय गाडी बोडकी वाटते. १९८४ च्या मार्क २ या दुसऱ्या आवृत्तीत रंग वाळूचा झाला, दारं आली आणि बंदुकीच्या जागी चार क्षेपणास्त्रं बसली. मला ती कधीच पटली नाही. एवढ्याशा गाडीवर एवढा दारूगोळा! त्याच वर्षीची कोब्राची (जी.आय. जोच्या शत्रूंची) स्टिंगर गाडी याच साच्यातली, पण गडद रंगात जास्त शोभते. नवी ६ इंची बाहुल्यांसाठी आहे. तुझे जुने पावणेचार इंची सैनिक तिच्यात पोरांसारखे दिसतील.

निनाद_नाशिक: मग क्लच, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर सैनिक, वेगळा घ्यावा लागेल?

खेळणीवेडा: नाही रे, तो गाडीसोबतच येतो. आधी कपाटाची फळी मोज, मग पैसे काढ.

मीनल_ठाणे: आमच्याकडे फळी नाही, फ्रिजवर ठेवलीय. सासूबाई रोज पुसतात!