कार्बन आयनचं मशीन भारतात यायला हवं की आधी साधं रेडिएशन?

गोदाकाठचा: मेव्हण्याला कवटीच्या तळाशी कॉर्डोमा निघालाय, साध्या रेडिएशनला सहसा दाद न देणारी कॅन्सरची गाठ, तेव्हापासून रात्र रात्र वाचतोय. जपानात चिबाला १९९४ पासून कार्बन आयन, म्हणजे कार्बनच्या वेगवान कणांचं रेडिएशन देतात, आपल्याकडे तसंच पण हलक्या कणांचं प्रोटॉन चेन्नईला आणि खारघरला आलं पण कार्बन कुठेच नाही, का नाही?

सिडकोवाली: का नाही म्हणजे, पैसा! माझ्या आईच्या ३३ सिटिंगसाठी दीड महिना डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो, त्यात मशीन चार दिवस बंद. आधी साधी मशीनं वाढवा, मग कार्बन न् बिर्बन.

गोदाकाठचा: ताई, पण हे नुसतं महागडं खेळणं नाहीये. साध्या रेडिएशनमधला एक्स-रे गाठीच्या पुढचं-मागचंही भाजत जातो, कार्बन मात्र ठरलेल्या खोलीवर जाऊन सगळी शक्ती ओततो, ब्रॅग पीक म्हणतात त्याला. शिवाय डीएनएच्या दोन्ही दोऱ्या तोडतो, मारा एक्स-रेच्या दुप्पट-तिप्पट धरतात. जपानात लवकर सापडलेल्या फुप्फुसाच्या गाठीला एकाच सिटिंगमध्येही दिलंय. तुमचा दीड महिना आठवा!

मखमलाबादकर: पीकच्या पुढे कार्बनचे तुकडे उडून थोडा डोस जातोच, प्रोटॉनमध्ये ती शेपटी जवळपास नसते, तेही सांगा की भाऊ. आणि जर्मनीतल्या हायडलबर्गची गॅन्ट्री, पेशंटभोवती फिरणारा किरणांचा सांगाडा, ६०० टनांहून जड आहे, चिबाचं मशीन म्हणजे फुटबॉलचं मैदान. आपल्याकडे गुटखा-तंबाखूचे पेशंट, जीभ न् गाल, त्यांना ऑपरेशन आणि साधं रेडिएशन वेळेत मिळालं तरी पुष्कळ. बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, भाभाट्रॉन आहे की, कोबाल्टवर चालणारं साधं रेडिएशन मशीन, आपल्याच देशातलं.

गोदाकाठचा: चिबालाच आता सुपरकंडक्टिंग गॅन्ट्री आहे, बरीच हलकी. आणि सार्कोमाचा, म्हणजे हाडं-स्नायूंच्या कॅन्सरचा, खर्च तिथे २०१६ पासून सरकारी विम्यात. तंबाखूवाल्यांचं कुठे नाकारतोय मी, पण कॉर्डोमावाल्याने मग काय करायचं? एवढ्या मोठ्या देशात एक सेंटर पण नको?

सिडकोवाली: एक असावं, मान्य. पण त्याच्यासाठी जिल्ह्यातल्या लिनॅकचे, म्हणजे साध्या एक्स-रे रेडिएशनच्या मशीनचे, पैसे वळवले तर मी आंदोलनाला बसेन नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला, खरंच सांगते.

मखमलाबादकर: 😂 मी चहा आणतो. बाकी मेव्हण्यांचं काय ठरलं?

गोदाकाठचा: बुधवारी खारघरला प्रोटॉनसाठी दाखवतोय. राहायचं कुठे तेच बघतोय.

सिडकोवाली: कळंबोलीला भाची असते माझी. मेसेज करा.