काफी थाटाच्या स्वरांना डी मायनरचा फ्लॅट कशासाठी?

खर्ज (धागाकर्ता): मोडल रचनेला (मेजर-मायनरखेरीज इतर स्वरसप्तकांतल्या रचनेला) नेहमी तिच्या षड्जाच्या मेजरची किंवा मायनरची की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला एकदाच लिहायची शार्प-फ्लॅटची चिन्हे) द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला षड्ज कळतो, असे ठामपणे सांगणारा एक लेख वाचला आणि उत्तर दिल्यावाचून राहवेना. त्या न्यायाने डीवरच्या डोरियनला, म्हणजे आपल्या काफी थाटाच्या स्वरांना, आधी बी फ्लॅट, म्हणजे कोमल धैवत, लावायचा आणि मग जवळजवळ प्रत्येक बारमध्ये (मात्रांच्या गटात) तो नॅचरलने, म्हणजे स्वर पुन्हा शुद्ध करणाऱ्या चिन्हाने, पुसत बसायचा. ज्या रचनेत कोमल धैवत एकदाही लागत नाही, तिच्या माथी तो का मारावा? सिग्नेचरने स्वर सांगावेत. षड्ज कोणता, हे चालच सांगते.

काळीचार: चाल सांगते ती ऐकणाऱ्याला; पहिल्यांदा कागद समोर येणाऱ्या वादकाला नव्हे. मी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. अशाच एका कोऱ्या, म्हणजे एकही चिन्ह नसलेल्या, सिग्नेचरच्या डोरियन रचनेला आमच्या पियानोवादकाने सी मेजर समजून साथ धरली आणि सगळी तालीम विसकटली. एक फ्लॅट दिसला असता तर त्याचा हात आपोआप डीवर गेला असता. शिवाय तो नॅचरल वादकाला दर वेळी बजावतो की इथे धैवत शुद्ध आहे, आणि डोरियनचे मर्म तेच आहे.

खर्ज: एका तालमीवरून नियम ठरत नाही. बेथोवनने १८२५ सालच्या ओपस १३२ या तंतुवाद्य-चतुष्कात एफवरचा लिडियन, म्हणजे कल्याण थाटाच्या स्वरांचा, भाग लिहिताना एफ मेजरचा फ्लॅट लावलेला नाही.

काळीचार: मग बाखचेही पाहा. बीडब्ल्यूव्ही ५३८ या त्याच्या ऑर्गनच्या रचनेची सिग्नेचर कोरी आहे म्हणून त्याला ‘डोरियन’ हे नाव चिकटले; प्रत्यक्षात ती रचना डी मायनरमध्ये आहे. कोरी सिग्नेचर दिशाभूल करते ती अशी.

आंदोलित: दोघांचाही वाद काफीपाशी अडला आहे. सीवर भैरव लिहून पाहा. सी मेजर मानून सिग्नेचर कोरी ठेवली, तर ज्यांच्या आंदोलनावर भैरव उभा आहे त्या रिषभ-धैवतापुढेच बारोबार फ्लॅट येतात. एफ मायनरचे चार फ्लॅट घेतले, तर गंधार-निषादापुढे नॅचरल येतात. सरळ ए आणि डी एवढेच दोन फ्लॅट सिग्नेचरमध्ये लिहावेत. बार्टोकने ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानो शिकणाऱ्यांसाठीच्या रचनासंग्रहात रूढ क्रमाबाहेरच्या सिग्नेचर वापरल्या आहेतच.

काळीचार: त्या रचना शिकणाऱ्याने सावकाश बसवायच्या असतात. दोन फ्लॅट दिसले की वादकाची नजर बी आणि ई असेच वाचते, ही वर्षानुवर्षांची सवय आहे. कागद वाचायचा आम्ही आणि प्रयोग करायचे तुम्ही, हे मला मान्य नाही.

आंदोलित: सवयीसाठी रागाचे स्वर वाकवायचे, हे मलाही मान्य नाही. मारव्यात कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम एकत्र येतात, तिथे आपली कोणती रूढ सिग्नेचर पुरी पडते ते सांगा.

काळीचार: एकही नाही, तेवढे मान्य करते. तिथे सिग्नेचर कोरी ठेवावी आणि चिन्हे स्वरापुढेच लिहावीत. डोरियनचीही कोरी सिग्नेचर मी वाचीन, पण पहिल्या ओळीवर ‘षड्ज डी’ असे ठळक लिहिलेले असेल तरच.

खर्ज: तसे लिहायला माझी हरकत नाही. बी फ्लॅट मात्र मी लावणार नाही.