पेनड्राइव्हपेक्षा कॅशर बरा

पुण्यात कर्वेनगरच्या एका खोलीत चार उबुंटू लॅपटॉप, एकच हॉटस्पॉट आणि दिवसाला 2 जीबी, मग तेच अपडेट चारदा डाउनलोड होणं कसं टाळायचं, असा तुमचा प्रश्न. त्यावर कुणी पेनड्राइव्हने डेब फायली (उबुंटूची इन्स्टॉल करायची पॅकेजेस) फिरवायला सांगितलंय. चालेल, पण पॅकेज टाकणारी 'ॲप्ट' कमांड इन्स्टॉल झाल्यावर त्या फायली पुसते, म्हणून त्या जिथे उतरतात ते आर्काइव्हज फोल्डर रिकामं दिसतं. 'ॲप्ट-गेट' वापरलंत तर त्या राहतात.

त्यापेक्षा एका मशीनवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' टाका; हा कॅशर एकदा उतरवलेलं पॅकेज साठवून बाकीच्यांना देतो. पोर्ट 3142. बाकी तिघांच्या ॲप्ट सेटिंगमध्ये एचटीटीपी प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) म्हणून त्या मशीनचा आयपी आणि हा पोर्ट द्या. खुद्द त्या मशीनलाही लोकलहोस्ट द्यायला विसरू नका, नाहीतर तिचे डाउनलोड कॅशमध्ये येतच नाहीत. उबुंटूचं व्हर्जन सगळीकडे एकच हवं, तरच खरा फायदा.

गाडं अडतं ते एचटीटीपीएसवर. रेपॉझिटरीचा (पॅकेजेस जिथून येतात त्या सर्व्हरचा) पत्ता एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्टेड, असेल तर मधल्या प्रॉक्सीला आतलं काही दिसत नाही, मग साठवणार काय? उबुंटूच्या मुख्य रेपॉझिटरीला साधा एचटीटीपी ठेवा. पॅकेजची खातरजमा जीपीजी या डिजिटल सहीवरून होतेच.

लॅपटॉप कॉलेजात नेला की प्रॉक्सी सापडत नाही आणि अपडेट फसतं. तेव्हा बाहेर असताना सेटिंगमधली प्रॉक्सीची ओळ तात्पुरती काढा आणि खोलीवर आलात की परत घाला. ओळ नसेल तर ॲप्ट थेट इंटरनेटवर जातं.

स्नॅप, म्हणजे उबुंटूची दुसऱ्या प्रकारची पॅकेजेस, मात्र या वाटेने जात नाहीत. फायरफॉक्स स्नॅपचा असेल तर त्याचा डेटा चारही जण वेगळा भरणार. काही फोन हॉटस्पॉटवरच्या मशीन्सना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तेव्हा एका मशीनवरून दुसरी पोचते का ते आधी पिंग कमांडने बघा.