पंधरा वर्षांची मिडफिल्डर, दहावीचं वर्ष अन् "स्पेनची ट्रायल", काय करावं?

कामठीरोडचा_मामा

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या भाचीचा आहे. पंधरा पूर्ण, दहावीत आहे, फुटबॉल खेळते, मिडफिल्डला. नुसतं शाळेपुरतं नाही, मागच्या वर्षी जिल्ह्याच्या टीममध्ये होती अन् रोज संध्याकाळी पोट्ट्यांसोबत खेळते. सध्या तिच्या मोबाईलवर एकच पोरगी दिसते, ती लिली योहानेस. अमेरिकेची आहे, सोळाव्या वर्षी नेदरलँडच्या आयाक्स क्लबकडून चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) खेळली, आता फ्रान्सच्या लिऑन क्लबला आहे. भाचीचं म्हणणं, मामा ती माझ्यापेक्षा एकच वर्षानं मोठी होती तेव्हा टीव्हीवर होती अन् मी इथं भूमितीची प्रमेयं पाठ करून राहिली.

ताईचं वेगळंच. तिला पोरीला सायन्स द्यायचं आहे अन् लगेच नीटचा क्लास. भाऊजी दोघींच्याही म्हणण्याला मान डोलावतात, त्यांचा काही उपयोग नाही.

आता नवीन भानगड अशी की एका टूर्नामेंटमध्ये एक जण भेटला, म्हणे मी एजंट आहे, स्पेनमध्ये क्लबची ट्रायल लावून देतो, सिलेक्शन झालं की तिथंच करार, खर्च अडीच लाख, त्यातले पन्नास हजार आधी द्या. व्हॉट्सॲपवर क्लबच्या लोगोचं लेटर पण पाठवलं. तेव्हापासून पोरगी हवेत आहे. मला तं गडबड वाटून राहिली पण मला फुटबॉलमधलं ऑफसाइडच्या पुढं काही समजत नाही. तर दोन गोष्टी सांगा, हे स्पेनचं खरं असू शकते का, अन् नागपुरातल्या पोरीचं यात खरंच करिअर होते का?

रात्रीचा_फुटबॉल

मामा, एक रुपया देऊ नका.

फिफाच्या ट्रान्सफरच्या नियमांत कलम १९ आहे, १८ च्या आतला खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे रजिस्टरच होत नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं तिकडे रहायला गेले तर, युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ नंतर, नाहीतर घर अन् क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर, असे. कामठी रोड यातल्या कशातच बसत नाही. मग पंधराच्या पोरीशी "तिथंच करार" करणार कोण? अन् एजंटला फिफाचं लायसन्स लागते, २०२३ पासून परीक्षा देऊन मिळते, लहान खेळाडूशी बोलायच्या आधी पालकांची लेखी परवानगी लागते. त्याला फक्त लायसन्स नंबर मागा, पुढचं आपोआप समजेल. लोगोचं लेटर तं आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला पण काढून देते.

आता लिलीचं. भाचीला गोष्ट पूर्ण सांगा. जन्म २००७ चा, व्हर्जिनियातला. २०१७ मध्ये अख्खं कुटुंबच नेदरलँडला रहायला गेलं, म्हणून ती तिकडे खेळू शकली, वर जो नियम सांगितला त्याच्या आत बसून. पैसे भरून ट्रायलला गेलेली नाही ती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयाक्सनं तिला पॅरिसच्या पीएसजी क्लबविरुद्ध पहिल्या मिनिटापासून उतरवलं, वय १६, महिला चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजमध्ये स्टार्ट करणारी सगळ्यात लहान, अन् मॅच २-० जिंकले. जून २०२४ मध्ये अमेरिकेकडून पहिली मॅच, दक्षिण कोरियाविरुद्ध, शेवटी शेवटी बदली म्हणून आली अन् दहा मिनिटांत गोल. एवढं होऊनही घाई नाही केली, नेदरलँडकडून खेळायचा रस्ता उघडा ठेवला, अमेरिकेचं पक्कं केलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. लिऑन त्याच्यानंतर, २०२५ ला.

मला यात सगळ्यात भारी काय वाटते तर ती आयाक्समध्ये थांबली. सोळाव्या वर्षीच एखाद्या अजून मोठ्या क्लबनं उचललं असतं तर बेंचवर बसून जॅकेट घालून फोटो काढत राहिली असती. मिडफिल्डर मॅच खेळूनच तयार होते, बाकी शॉर्टकट नाही.

अन् अमेरिकेत तरी सगळं मोकळं होतं असं नाही. ऑलिव्हिया मोल्ट्री १३ व्या वर्षी प्रो झाली म्हणून केवढा गाजावाजा, पण तिथल्या महिला लीगचा १८ च्या आत करार नाही हा नियम आडवा आला, २०२१ मध्ये कोर्टात जावं लागलं तेव्हा कुठं पोर्टलँड थॉर्न्स क्लबकडे करार झाला, तेव्हा ती १५ ची.

संत्रानगरीचा_पिंट्या

पोरींच्या फुटबॉलला इथं कोण विचारते बाप्पा. क्रिकेटला टाका, डब्ल्यूपीएलमध्ये पैसा आहे. माझं मत सांगितलं, राग नका मानू.

माजी_सहानंबर

पिंट्याभाऊ, पंधराव्या वर्षी मिडफिल्डरच्या हातात बॅट दिली म्हणून डब्ल्यूपीएल होत नसते, तिथं रांगेत ज्या पोरी आहेत त्या आठव्या वर्षापासून नेटमध्ये आहेत.

मामा, मी विदर्भातलीच. स्टेट खेळले, मग आयडब्ल्यूएलच्या (इंडियन वुमेन्स लीग) दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बाहेरच्या राज्यातल्या क्लबकडून, आता शाळेत पीटी शिकवते. खरं चित्र असं आहे. इंडियन वुमेन्स लीग २०१७ ला सुरू झाली. आधी महिनाभरात एका जागी उरकायचे, २०२३-२४ पासून होम-अवे झाली. २०२३ मध्येच एआयएफएफनं (भारतीय फुटबॉल महासंघ) नियम काढला की लीगच्या क्लबनी निदान दहा देशी खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाखांचा करार द्यायचा. ऐकायला बरं वाटते, भागायचं कसं ते तुम्हीच बघा. २०२४-२५ च्या सीझनला आठ टीम, प्रत्येकीच्या १४ मॅच, जिंकली ईस्ट बंगाल, अन् आठातली एकही टीम महाराष्ट्राची नव्हती. आधी कोल्हापूरची होती, मुंबईची केंकरे टीम होती. म्हणजे पोरगी चांगली निघाली तर बंगाल, ओडिशा, केरळ, बंगळुरू असं कुठंतरी जाऊन रहावं लागणार, हॉस्टेलवर, भाषा येत नाही अशा ठिकाणी. ताईंना हे आत्ताच सांगा, नंतर धक्का बसण्यापेक्षा.

म्हणून बहुतेक जणी नोकरी धरतात. संगीता बासफोर, मिडफिल्डरच आहे, जुलै २०२५ मध्ये थायलंडला थायलंडमध्येच हरवून भारतानं आशिया कप क्वालिफाय केला त्या मॅचचे दोन्ही गोल तिचे. ती सशस्त्र सीमा बलात आहे. इंदुमती कथिरेसन तामिळनाडू पोलिसात सब-इन्स्पेक्टर. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला सर्टिफिकेटं जपून ठेवावी लागतात, ओरिजिनल, लॅमिनेट न करता, अन् डिग्रीपण लागते. तर अभ्यास की फुटबॉल असा प्रश्नच नाही, या खेळात अभ्यास सोडणारीचं दुप्पट नुकसान.

बाहेर जायचंच असेल तर भाचीला मनीषा कल्याण दाखवा. होशियारपूरची पोरगी, आधी सेतू क्लब, मग गोकुलम, नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध ब्राझीलमध्ये गोल मारला (मॅच ६-१ नं हरलो, तो भाग सोडा), अन् २०२२ ला सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली, चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय. तेव्हा ती वीस वर्षांची होती. भारताचीच बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबला गेली २०२० मध्ये तेव्हा २९ ची. म्हणजे पंधराव्या वर्षी काही सुटून नाही राहिलं, तिला हे दोन-तीनदा सांगा कारण त्या वयात पटत नाही.

अन् एक, पुढं कोणत्याही क्लबचं बोलणं झालं तर आधी कागद. माझ्या क्लबनं (नाव नाही घेत) शेवटचे दोन महिने तोंडी "भेटून जाईल" करत काढले, ते पैसे आजतागायत भेटून राहिले.

उस्ताद_कामठी

मी कामठीत पोट्टे शिकवतो, आता चार-पाच पोट्ट्या पण येतात. तुमच्या भाचीला बघायला उद्या कोणी खरंच आलं ना, तं तो गोल नाही पाहणार. मिडफिल्डरचं काय पाहतात माहीत आहे का? बॉल पायात यायच्या आधी मान किती वेळा फिरली. मागं कोण आहे, डावीकडं जागा आहे का, हे बॉल यायच्या आधी पाहून ठेवलं तं पहिलाच टच बरोबर दिशेला पडते. नाही पाहिलं तं बॉल घेते, मग वर पाहते, तेवढ्यात मागून कोणी येऊन उचलून नेते. त्या स्पेनच्या मिडफिल्डर ऐताना बोन्मातीला २०२३, २०२४, २०२५ असा लागोपाठ तीनदा बॅलन डी'ओर (जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) भेटला, अंगानं काही धिप्पाड नाही बाई, पण मान पहा तिची, ट्रॅफिक हवालदारासारखी फिरत राहते.

मामा तुम्हाला काम सांगतो. पुढच्या मॅचला मोबाईल घ्या अन् कॅमेरा बॉलवर नाही, फक्त पोरीवर ठेवा, अर्धा तास. घरी जाऊन तिच्यासोबत पहा अन् प्रत्येक पासच्या आधी तिनं मागं पाहिलं का ते मोजा. पहिल्या वेळेस पोट्टे रडकुंडीला येतात, सांगून ठेवतो.

पोट्ट्यांसोबत खेळते हे बेस. चालू ठेवा. पण आपल्याकडची मैदानं मुरमाची, बॉल टप्पा पडला की खांद्याला येते, त्याच्यात पोरं नुसतं उंच मारायला शिकतात. आठवड्यातून एखाद दिवस टर्फवर पाच-पाचचा खेळ मिळाला तं पाहा, जमिनीवरून पास खेळायची सवय लागते. टर्फ दोन टीममध्ये वाटून घेतलं की परवडते. अन् मुरमावर लांब स्टडचे बूट काहून घालतात पोरं काय माहीत, पाय मुरगळून घेतात.

गुडघ्याची_डॉक्टर

फिजिओ आहे, धंतोलीत बसते. वरचं सगळं बरोबर आहे पण गुडघ्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. एसीएल (गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट) तुटायचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या कितीतरी जास्त आहे, अन् वय नेमकं हेच, तेरा ते एकोणीस. स्पेनची ॲलेक्सिया पुटेयास जगातली नंबर एक खेळाडू होती, जुलै २०२२ मध्ये युरो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सरावात एसीएल गेला, परत मॅचला यायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. तिच्यामागे बार्सिलोनाचे डॉक्टर होते. आमच्याकडे येतात त्या पोरी "पाय मुरगळला, हळद लावली" करून दीड महिन्यानं येतात.

फिफाचं ११ प्लस नावाचं वॉर्मअप आहे, वीस मिनिटं लागतात, फुकट आहे, पळणं, तोल, मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं, असं. आठवड्यातून दोन-तीनदा नीट केलं तर दुखापती बऱ्याच कमी होतात. मैदानाला दोन चकरा मारून पायाचा अंगठा पकडणं याला वॉर्मअप म्हणत नाहीत, उस्ताद तुम्हाला नाही म्हणत आहे. दुसरं, हिमोग्लोबिन अन् फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्या. पाळी सुरू असलेली पोरगी, रोज दीड तास धावणं अन् डब्यात पोळी-भाजी, म्हणजे लोह कमी निघायची शक्यता भरपूर. "दुसऱ्या हाफमध्ये दम नाही टिकत" याचं कारण पुष्कळदा तिथंच सापडते. मे महिन्यात तर सकाळी साडेसातच्या आत सगळं आटपा.

कामठीरोडचा_मामा

काय बोलू, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. त्या माणसाला लायसन्स नंबर मागितला. आधी म्हणे "ऑफिसमधून पाठवतो", मग म्हणे "विश्वास नसेल तर राहू द्या, खूप पोरी लाइनमध्ये आहेत", अन् आता ब्लॉक. भाची एक दिवस जेवली नाही, मग मनीषा कल्याणचा तो ब्राझीलवाला गोल पाहत बसली. ताई थोडी नरम आहे पण सायन्सवर अडून आहे.

आता अडचण ही की तिच्या शाळेत पोरींची टीमच नाही. मग स्टेटपर्यंत जायचं कसं?

माजी_सहानंबर

जिल्हा असोसिएशनच्या निवड चाचण्या असतात त्या क्लबकडून देता येतात, म्हणजे एखाद्या क्लबमध्ये नाव लावून घ्या, उस्तादांना विचारा. शाळेचा रस्ता वेगळा, सुब्रतो कप म्हणजे शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा. त्यात १७ च्या आतल्या मुलींचा गट आहे, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जाते, पण टीम शाळा-कॉलेजचीच लागते. म्हणून अकरावीला कॉलेज घेताना आधी मुलींची टीम आहे का ते विचारा, अन् वयात बसते का ते जन्मतारखेवरून आत्ताच पाहून ठेवा. सायन्स घेऊ द्या की, काय बिघडते, फक्त रोज रात्री साडेआठला सुटणारा क्लास नको, त्यात सराव मरते.

अन् जन्माचा दाखला काढून ठेवा, मूळ, ऑनलाइन नोंद असलेला. आधार, शाळेचा दाखला अन् हा, तिन्हीवर नाव अन् तारीख सेम पाहिजे. एआयएफएफच्या रजिस्ट्रेशनला यात फरक निघाला की अडकते, मग आडनावाच्या एका अक्षरासाठी अख्खा सीझन जाते. तिच्या नावात "ई" आहे की "आय" ते आजच पाहून घ्या.