पुन्हा: नवा राउटर आणि मंडळाचा प्रिंटर

खजिनदार (एडिसन, न्यू जर्सी; शुक्र. रात्री)
मंडळी, काल घरी नवा राउटर लावला. बाकी सगळं चालतंय, फक्त मंडळाचा प्रिंटर नेटवर्क धरत नाही. तोच, गणपतीत दगा दिलेला. रविवारच्या हळदीकुंकवाचे ८० बिल्ले छापायचेत. वायफायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत निवडलीय. लवकर सांगा.

माजी अध्यक्ष
त्यात काय! पासवर्ड काढून टाका, सोमवारी परत घाला. माझं वायफाय कित्येक वर्षं उघडंच आहे. नाव मात्र लपवलंय, म्हणजे कुणाला दिसतच नाही.

वेबसाइटवाला
काका, नाव लपवून काही होत नाही. तुमचा फोन जोडला जाताना तेच नाव हवेत ओरडून सांगतो. उद्या कुणी तुमच्या नेटवरून भलतं काही उतरवलं तर पत्र तुमच्या दारात येणार.
खजिनदार, डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, प्रिंटर त्याच्या आधीचा. डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) आणि ३ असा मिश्र पर्याय असेल, तो घ्या. शिवाय राउटरच्या दोन वायफाय पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची त्या प्रिंटरला कळत नाही, २.४ची चालू हवी. आणि कोणी सांगितलं तरी डब्ल्यूईपीवर (सगळ्यात जुन्या पद्धतीवर) जाऊ नका, ते २००१ मध्येच फुटलंय.

माजी अध्यक्ष
उघडं ठेवा म्हणजे कायमचं असं मी म्हटलेलं नाही. बरं, राउटरवर पासवर्ड न घालता जोडायचं एक बटण (डब्ल्यूपीएस) असतं, ते दाबा.

वेबसाइटवाला
बटण ठीक, पण त्याच सोयीतला आठ आकडी पिन बंद करा. राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. २०११ पासून जगजाहीर आहे.

सांस्कृतिक समिती
मुळात प्रिंटर आमच्याकडे राहील असं ठरलं होतं ना? खजिनदारांकडे कसा गेला? असो. रविवारी येणारी प्रत्येक बाई पासवर्ड मागणार. पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करा, प्रिंटरही त्यातच टाका.

खजिनदार
टाकला. प्रिंटर जोडला गेला, पण आता लॅपटॉपला तो दिसत नाही!

वेबसाइटवाला
दिसणारच नाही. पाहुण्यांचं नेटवर्क घरातल्या यंत्रांपासून तोडलेलंच असतं. बायकांना तिथे ठेवा, प्रिंटरला घरात घ्या.

काकू (तिळगूळवाल्या)
पासवर्डवरून आठवलं. आमच्या ह्यांनी नातवाचं नाव आणि जन्मसाल ठेवलं होतं. शेजारचा पोरगा तिसऱ्या खेपेला आत. आता चार असंबद्ध मराठी शब्द ठेवलेत, रोमनमध्ये. मलाच स्पेलिंग आठवत नाही. वड्या १५० पुरतील का?

माजी अध्यक्ष
२०० करा. गेल्या वर्षी मला मिळाली नव्हती.

खजिनदार (शनि. रात्री)
मिश्रनेही नाही झालं. शेवटी २.४ला नुसतं डब्ल्यूपीए२, एईएस एन्क्रिप्शनसह ठेवलं आणि जोडला गेला. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला म्हणजे आईचा टॅब परत जोडायला नको.

वेबसाइटवाला
जुना म्हणजे कोजागिरीला सगळ्यांना वाटलेला?

खजिनदार
बदलतो. ३४ बिल्ल्यांनंतर काळी शाई संपली आहे. अक्षर बरं असेल त्यांनी उद्या १ वाजता या.