रुमॅटॉइड संधिवात, कोरडा खोकला : आधी कोणती तपासणी? (नाशिक)

पंचवटी_७ : आईला रुमॅटॉइड आहे, त्यासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी, आठवड्याला १५ मिग्रॅ. आता कोरडा खोकला, जिना चढताना दम. एक्स-रे स्वच्छ आलाय. तपासण्यांना पाच हजारच आहेत. आधी काय करू?

सातपूरकर : एक्स-रेवर जाऊ नका, रुमॅटॉइडमुळे फुप्फुसांत होणारं सुरुवातीचं फायब्रोसिस (ऊती कडक होणं) त्यात बरेचदा दिसत नाही. एचआरसीटी (फुप्फुसांचं बारकाईने काढलेलं सीटी स्कॅन) करा, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषध न देता. पूर्ण श्वास घेऊन, श्वास सोडून आणि पालथं झोपवून, तिन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या. उताणं झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो आणि खोटी सावली दिसते. श्वास सोडून काढलं की बारीक नळ्यांत अडकलेली हवा कळते.

मिसळ_कमी_तिखट : एचआरसीटीच. आणि थेट मुंबई गाठा. ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही (घरी ऑक्सिजन देणारं मशीन) घेऊन ठेवा.

द्राक्षबाग : पाच हजारात कॉन्सन्ट्रेटर? प्रश्न तरी वाचा! ऑक्सिजन लागतो का ते आधी मोजा. बसून ऑक्सिजन ९७ टक्के आणि चालून ८८ असं फुप्फुसांच्या या आजारात होतं, त्यामुळे बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालवून बघायला सांगा. नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोटं गार असतील तर चोळून घ्या, नाहीतर आकडा चुकतो.

गंगापूररोड : मेथोट्रेक्सेटचाच प्रताप. बंद करा.

सातपूरकर : असं परस्पर सांगू नका हो. त्या गोळीचा न्यूमोनायटिस (फुप्फुसांची सूज) दुर्मीळ, बहुधा पहिल्या वर्षात होतो, आणि ताप-खोकला-दम काही दिवसांत झपाट्याने वाढतो. तसं असेल तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळूहळू वाढणारा दम बहुतेकदा खुद्द रुमॅटॉइडचा असतो, सांधे शांत असले तरी.

ओझर_वारा : गॅलरीत कबुतरं आहेत का?

द्राक्षबाग : आलं विषयांतर. पण विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं खरंच बिघडतात, डॉक्टरांना सांगाच.

नाशिकरोड_लोको : पीएफटी (फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) कुणीच बोललं नाही. नुसती फुंकून करायची स्पायरोमेट्री नको, डीएलसीओसकट (फुप्फुसांतून रक्तात वायू किती शिरतो त्याचं माप) करा. एफव्हीसी (जोरात फुंकून बाहेर पडणारी एकूण हवा) नॉर्मल असतानाही डीएलसीओ घसरलेला असू शकतो. रक्त कमी असेल तरी तो कमी येतो, म्हणून ताजं हिमोग्लोबिन सोबत न्या. बऱ्याच ठिकाणी हे मशीन नसतं, आधी फोन करा.

मिसळ_कमी_तिखट : मी तेच म्हणतोय, एचआरसीटी.

पंचवटी_७ : सगळ्यांचे आभार. पण सध्या सीटीही नको, पीएफटीही नको. सोमवारी सिव्हिलच्या ओपीडीत छातीच्या डॉक्टरांना दाखवते, ते लिहून देतील तेच करू.

सातपूरकर : चालेल. फक्त पाठीला अगदी खालपर्यंत स्टेथो लावायला सांगा. खोल श्वासाला वेल्क्रो सोडल्यासारखी चरचर आली तर सीटी टाळू नका. टीबीची तपासणीही तिथेच विचारून घ्या, पुढे बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करायची वेळ आली तर लागतेच.

गंगापूररोड : मग विचारलं कशाला?