प्रति: नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी चार्जिंग
वर कोणीतरी लिहिलंय की बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, ते जुन्या निकेल कॅडमियम बॅटऱ्यांचं झालं राजेहो, आताच्या मोबाईल-स्कूटरमधल्या लिथियम बॅटरीला असं रिकामं करणं उलट वाईट, २० ते ८० टक्क्यांच्या मधे ठेवा नं. पण आपल्याकडे खरा त्रास उन्हाचा, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो अन् लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादाच साधारण ४५ डिग्री, म्हणून भर दुपारी सीताबर्डीहून स्कूटर आणली की लगेच प्लग लावू नका, सावलीत थंड होऊ द्या, संध्याकाळी उशिरा लावा. रिमोटचे पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल साध्या चार्जरवर रात्रभर सोडू नका प्लीज, भरल्यावर आपोआप बंद होणारा स्मार्ट चार्जर घ्या. शेवटी सेल कोमट लागतो ते ठीक, हातात धरवत नसेल तर काढाच.